आईच्या हाकेची कोरी ओळ

अक्का, निघताना आईनं ओसरीवर माझी ओटी भरली. तांदूळ, हळकुंड, नारळ. तिच्या उजव्या अंगठ्यावर भाजल्याचा पांढरा चट्टा होता. मी चेहरा सोडून त्या चट्ट्याकडेच बघत राहिले. मग दारातली रिक्षा निघाली आणि कऱ्हाड सुटलं.

असं मी पंचेचाळीस वर्षं सांगत आलेय.

पहिल्यांदा सांगितलं ते कवितेत. ह्यांची बँकेतली बदली जयपूरला झाली, त्याच वर्षी. काय ती कवयित्री, म्हणजे तेव्हाची मी! ओळीओळीत अश्रू. राहायची राजा पार्कात, समोर छोले-भटुऱ्यांचं दुकान. पण कवितेत मात्र उंटांशिवाय पान हलायचं नाही. उंट तिनं पाहिला तो पुढच्या वर्षी, आणि घाबरून ह्यांच्यामागे लपली.

आता म्हातारपणी मी शहाणी झाले म्हणून आत्मचरित्र लिहायला घेतलं, तेही कवितेत. नात ईरानं सांगानेरच्या हातकागदाची वही आणून दिली. नियम एकच ठेवला: जे आठवत नाही तिथं जागा कोरी सोडायची, सजवायचं नाही. ईरा मला अडखळत वाचून दाखवते. कोरी जागा आली की थांबते आणि माझ्याकडे बघते. हल्ली ती फार वेळा थांबते. भाकरी उलटायच्या त्या वस्तूला आपण काय म्हणायचो, अक्का? मला हिंदीतलं ‘पलटा’ तेवढं पटकन सुचतं.

गेल्या महिन्यात आपण व्हिडिओ कॉलवर बोललो. सवयीप्रमाणे तुझा अंगठा कॅमेऱ्यावर आला. त्यावर पांढरा चट्टा होता.

मी गमतीनं विचारलं, हा आईचा अंगठा तू कधी घेतलास? तू हसली नाहीस.

“तुझी ओटी मीच भरली. आई तापानं पडून होती. आतून हाका मारत होती तुला.”

“मग मी गेले का?”

“तू म्हणालीस, दिवाळीला येणारच आहे, रिक्षा थांबलीय.”

आई काय म्हणत होती, ते मी तीनदा विचारलं. तू म्हणालीस, “मी तुझ्याबरोबर बाहेर होते गं. मला कसं ठाऊक?”

दिवाळीपर्यंत आई उरली नाही. हे मात्र मला नीट आठवतं.

म्हणजे त्या बावीस वर्षांच्या शहाणीनं तुझे हात आईला लावले आणि हाक गाळून टाकली. कवितेत तापाची खोली शोभली नसती. पुढं मी कविता विसरले, आणि तीच आठवण होऊन बसली.

मी वहीतलं ओटीचं पान फाडलं. नव्या पानावर लिहिलं, ‘आतून आई म्हणाली’, आणि खालची ओळ कोरी सोडली. ईराला बजावलं, इथं कुणी काही लिहायचं नाही.

सोमवारी दुपारी तिनं वही उघडली. त्या ओळीशी ती थांबली नाही. सरळ वाचत गेली, “बेटा, ज़रा अंदर आओ.”

मी म्हटलं, तू लिहिलंस?

“नहीं आजी. मतलब, हे तुमचं अक्षर आहे.”

अक्षर माझंच होतं. शाई माझ्या पेनाची. लिहिल्याचं आठवत नाही. आणि आईला तर हिंदीचा एक शब्द येत नव्हता, अक्का.

ती ओळ मी खोडली आहे. पण काल भाजी निवडताना आतल्या खोलीतून कुणीतरी तेच म्हणालं, आणि आवाज आईचा होता, अगदी आईचा. घरात मी एकटी होते.

घर कुठलं, असं कुणी विचारलं की मी पूर्वी कऱ्हाड सांगायचे, मग जयपूर सांगायला लागले. आता वाटतं, आतून हाक येते आणि आपण ओसरीवरच असतो, ते घर. तिथं नेमकं काय म्हटलं गेलं ते सांगणारं कुणी उरलं नाही, आणि माझा हात ते रोज थोडं थोडं लिहून काढतोय.

काल मी भाजी खाली ठेवली आणि आत गेले.