देवरावभाऊ हात घेत नाहीत

अकोल्यात जिऊ-जित्सू शिकवतो असं सांगितलं की लोक आधी कराटे समजतात, मग ज्युडो, आणि शेवटी विचारतात, "बरं, पण नोकरी कुठं?" मी समजावणं सोडून दिलंय. टायरच्या दुकानावर एक लांबट हॉल आहे, त्यात निळ्या मॅट टाकल्यात आणि पहाटे पाचला ज्याला यायचं तो येतो. आमच्या खेळात ठोसे नाहीत, लाथा नाहीत. समोरच्याला खाली घ्यायचं, त्याच्यावर चांगली जागा मिळवायची आणि मग त्याचा हात किंवा मान अशी अडकवायची की त्यानं आपणहून थाप मारून हार कबूल करावी. थाप पडली की त्याच क्षणी सोडायचं. एवढं कळलं तरी पुष्कळ झालं.

देवरावभाऊ आले तेव्हा पन्नाशीला टेकले होते. एसटीच्या डेपोत मेकॅनिक, वजन नव्वदच्या घरात, कान दोन्ही आखाड्यात मुडपलेले. मूळचे बार्शीटाकळीचे. तरुणपणी तिथल्या मातीत पुष्कळ कुस्त्या मारलेल्या. असा माणूस क्लासला आला की मास्तरला आनंद व्हायला हवा. मला झाला नाही. कुस्तीतून आलेल्या माणसाची एक खोड मोडता मोडता माझे केस पांढरे झालेत. मेला तरी तो पाठ टेकत नाही.

कुस्तीत पाठ टेकली की चीत, संपलं. आमच्याकडे पाठ टेकून खालून लढता येतं, पण समोरच्याला पाठ दिली की मान गेली. देवरावभाऊ खाली सापडले की झटकन पालथे व्हायचे आणि साठ किलोची पोरं मागून त्यांचा गळा आवळायची. मी ओरडायचो, "पाठ टेका, पाठ देऊ नका!" ते मान डोलवायचे आणि पुन्हा पालथे.

"सर, पाठ टेकली का मले बाप दिसते," ते एकदा म्हणाले. "आखाड्याच्या काठावर उभा राहे नत्थुजी. चीत झालो तं घरी येईपर्यंत बोलत नसे."

अख्खा पावसाळा गेला, तेव्हा कुठं ते उताणे पडायला शिकले.

मग मी त्यांना माझं आवडतं सूत्र शिकवलं. आधी जागा, मग पकड. नवी पोरं हात दिसला की त्यावर झडप घालतात. अर्धवट बसलेले असतात, हात निसटतो, जागाही जाते आणि क्षणात स्वतःच खाली. म्हणून छातीवर नीट बसा, गुडघे त्याच्या काखेत सरकवा, त्याचा दम जाऊ द्या, घाई करू नका. देवरावभाऊंनी हे असं मनावर घेतलं की मला पस्तावायची पाळी आली. ते जागा घ्यायचे, आणि बसायचे. बसूनच राहायचे.

त्यांच्याखाली असायचा किशोर. किशोर बाळापूरचा, खात्याचा कृषी सहायक, चाळिशी ओलांडलेला, तोही त्याच वजनाचा. माझ्याकडे या मापाची माणसं दोनच, त्यामुळे त्यांची जोडी ठरलेली. किशोरला बोलण्याचा रोग. छातीवर सरकीचं पोतं पडावं तसे देवरावभाऊ बसलेले, आणि हा खालून घुसमटल्या आवाजात सांगतोय, "बोंडअळी लय झाली भाऊ यंदा... साहेब म्हनते फोटो पाठव... मी म्हनलं अळी काय पोज देऊन राहिली काय..." देवरावभाऊ वरून हुंकार भरायचे. मधेच विचारायचे, "मंग?"

"हा क्लास आहे का पानठेला?" मी खेकसायचो. "देवरावभाऊ, त्याचा हात मोकळा आहे! घ्या!"

हात घेत नसत. मला कारण ठाऊक आहे असं मला वाटायचं. छातीवर बसून हात घ्यायचा, म्हणजे कोपरात ताणून अडकवायचा, तर पाय त्याच्या डोक्यावरून टाकून स्वतः मागे आडवं व्हावं लागतं. म्हणजे स्वतःचीच पाठ टेकायची, तीही जिंकत असताना. शिवाय हात निसटला तर मिळवलेली जागा गेली. मी म्हटलं, हे नत्थुजीचंच भूत. मी त्यांना तासभर हिशेब समजावला. जागेला गुण मिळतात हे खरं, पण नुसत्या जागेनं लढत संपत नाही. धोका पत्करायची वेळ ओळखणं हाच तर खेळ. ते ऐकून घ्यायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बसायचे.

त्यांच्या घरी मी एकदाच गेलो. सुभद्रावहिनी जाऊन तीन वर्षं झाली होती. मुलगी दीक्षा नागपूरला नर्स, रविवारी फोन करते. कुलूप उघडलं तर आत टीव्ही मोठ्यानं चालू.

"बंद करायचं राहिलं वाटतं," मी म्हणालो.

"नाई, चालूच ठेवून जातो," ते म्हणाले. "घरात शिरलं का कोनी बोलत असलं पायजे."

दिवाळी झाली आणि किशोरची बदली धारणीला झाली. मेळघाटातून पहाटेच्या क्लासला कोण येणार? मंगळवारी हजर व्हायचं होतं. नेमकी त्याआधीच्या रविवारी अमरावतीत स्पर्धा होती. एका मंगल कार्यालयात, कालच्या लग्नाच्या झेंडूच्या पाकळ्या अजून स्टेजवर पडलेल्या. चाळिशीपुढच्या जड गटात नावं किती? दोन. देवरावभाऊ आणि किशोर. पंचांनी मला विचारलं, तुमचीच दोघं आहेत, पदकं आपसात वाटून घेता का? मी म्हटलं, नाही, खेळतील. मला देवरावभाऊंनी एकदा तरी हात घेतलेला बघायचा होता. पोरांसमोर मास्तरची शिकवण अर्धी राहिली, असं दिसलं असतं तर मला झोप लागली नसती.

लढत सुरू झाली. देवरावभाऊंनी किशोरला खाली आणलं, पाय ओलांडले आणि छातीवर बसले. नऊ गुण पदरात. सुंदर काम. आणि मग थांबले. किशोर त्या दिवशी बोलत नव्हता. त्याचे दोन्ही हात वर, उघडे.

"घ्या!" मी ओरडलो.

आमच्या नियमात नुसतं बसून राहिलं की ताकीद मिळते. पहिली मिळाली. दुसरी मिळाली. तिसरीला किशोरच्या खात्यात गुण गेले. चौथीला खेळाडू बाद होतो. मी मॅटच्या कडेला गुडघ्यावर आलो होतो, एवढ्या जवळ की मला किशोरचं बोलणं ऐकू आलं.

"भाऊ, घ्या ना हात. बाद कराल स्वतःले."

देवरावभाऊंनी मान हलवली. त्यांचं कपाळ किशोरच्या कपाळाला लागलेलं होतं. पंचांनी चौथ्यांदा हात वर केला. गुणांनी पुढे असलेला माणूस हरला आणि उताणा पडलेला माणूस जिंकला. टाळ्या वाजवायच्या की नाही हे कुणालाच कळेना. किशोर पदक गळ्यात न घालता खिशात टाकून तिथूनच बहिणीकडे परतवाड्याला गेला. सामान त्यानं आधीच पुढे पाठवलं होतं.

आम्ही संध्याकाळच्या एसटीनं अकोल्याला निघालो. बडनेरा येईपर्यंत दम धरला. मग राहवेना, आणि जे तोंडाला आलं ते बोललो. इतकी वर्षं घासून काय उपयोग, भीती वाटते तर उतरता कशाला, वगैरे. देवरावभाऊ खिडकीबाहेर बघत होते.

"गिअरबॉक्स गेला याचा," ते म्हणाले. "आवाज ऐका."

"देवरावभाऊ, मी काय विचारतोय?"

मूर्तिजापूरला गाडी थांबली, लोक चहाला उतरले, आम्ही उतरलो नाही.

"सर, सुभद्रा गेल्यापासून मले हात कोनाचा लागते, सांगू? दीक्षा येते तवा खांद्यावर ठेवते. कंडक्टर सुटे देते तवा बोटं लागतात. अन् किशोर." त्यांनी स्वतःच्या तळहाताकडे पाहिलं. "हात घेतला का तो थाप मारते, अन् सोडा लागते. नुसतं बसलं तं सोडा लागत नाई. तुमी म्हनता पाठीची भीती. कायची भीती? परवापासून तो नाई ना सर. आजचं मी काहून संपवू?"

जागा आणि पकड यांचा हिशेब मी पोरांना रोज फळ्यावर मांडून दाखवतो, पण त्यात हे कधीच धरलं नव्हतं. मी त्यांच्या हातावर हात ठेवायला हवा होता. समोरच्या सीटचा दांडा धरून बसलो.

बुधवारी पहाटे ते आले. मला वाटलं होतं येणार नाहीत. पोरांच्या जोड्या लागल्या आणि देवरावभाऊ भिंतीला टेकून उभे राहिले. त्यांच्या मापाचं कुणी नव्हतंच. माझा गुडघा दोन वर्षांपूर्वी फाटलाय, डॉक्टरनं मॅटवर उतरायला सक्त मनाई केलीय. मी कमरेला पट्टा बांधला आणि त्यांच्यासमोर जाऊन बसलो.

"सर, तुमचा पाय," ते म्हणाले.

"राहू द्या. या."

दोन-चार झटापटी झाल्या आणि मी खाली गेलो. खरं सांगायचं तर मुद्दाम गेलो. ते छातीवर बसले, नव्वद किलो सगळे, आणि मी मनात म्हटलं, बसा आता निवांत, किती वेळ बसायचं ते. काहीतरी बोलावं म्हणून मी तोंडही उघडलं. डेपोत काय चाललंय, असं काहीतरी विचारणार होतो.

त्यांचा पाय माझ्या तोंडावरून गेला, ते मागे आडवे झाले आणि माझं कोपर ताणलं गेलं. इतका स्वच्छ हात मला पुण्यातल्या माझ्या मास्तरांनीही लावला नव्हता. मी थाप मारली. त्यांनी लगेच सोडला.

पोरं टाळ्या वाजवायला लागली. दोन वर्षं मी ज्या हातासाठी ओरडत होतो तो हा. हरल्याचं मला काहीच वाटलं नाही. धरून ठेवावं असा मी त्यांचा कुणी नव्हतो, याचं मात्र फार वाटलं, आणि तेवढ्यात मला माझंही कुलूपबंद घर आठवलं.

"लागलं का सर?"

"नाही. अजून एक?"

त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, पट्टा सोडला आणि घडी घालायला लागले.

"नाई सर. डेपोत जा लागते."

त्यांची ड्युटी आठची असते. बाहेर अजून उजाडलंही नव्हतं.