संकष्टीच्या दिवशी बेपत्ता झालेला मिदोरी

फिर्यादी: माझी नात, इयत्ता चौथी. बेपत्ता: मिदोरी नावाचा पाळीव सरडा, जपानीत मिदोरी म्हणजे हिरवा. घटनास्थळ: मुलाचे राहते घर, इचिकावा, जपान. दिवस: थंडीतली संकष्टी चतुर्थी. साक्षीदार: सूनबाई. संशयित: माझी धर्मपत्नी.

पोलीस खात्यात मी शिपाई म्हणून भरती झालो आणि सहायक फौजदार म्हणून निवृत्त झालो. गावी असलो की तहसील कचेरीबाहेर लोकांचे अर्ज लिहून देतो; सध्या आम्हा उभयतांचा मुक्काम मुलाकडे आहे. पुष्कळ प्रकरणे विस्मरणात गेली, परंतु सदर प्रकरण आठवले की आजही छातीत धडधडते.

त्या दिवशी मुलगा टोकियोत, तोयोसुला ऑफिसात होता. शाळेतून आलेली नात थेट माझ्यापाशी आली आणि दबक्या आवाजात म्हणाली, "आजोबा, मिदोरी नाहीये. आजीनेच काहीतरी केलंय. ती म्हणाली होती, सरडा घरात अशुभ असतो."

पिंजरा रिकामा, कडी उघडी. सूनबाईंचा चेहरा उतरला. "बाबा, तो बाहेर गॅलरीत गेला असेल तर या थंडीत जगणार नाही हो. त्याला सतत दिव्याची ऊब लागते."

जबाब त्या त्या वेळीच घ्यावा, हा माझा शिरस्ता. पत्नीला समोर बसवले.

"पिंजऱ्याजवळ कोण गेले होते?"

"अहो, मला गुन्हेगारासारखं विचारू नका. तुमची चौकी तिकडे राहिली."

"कडी कोणी काढली?"

"मी. आज संकष्टी. घरात जीव मारायचा नाही, म्हणून त्याच्या रातकिड्यांचा डबा गॅलरीत नेऊन ठेवला. मग त्या मुक्या जिवाने उपाशी राहायचं? देवाचं कालचं जास्वंदीचं फूल दिलं. खाल्लं की त्याने!"

"आणि कडी परत लावली?"

 मुरलेला आरोपी अशा वेळी जास्त बोलतो. निरपराध माणूस गप्प बसतो आणि पदराशी चाळा करतो. माझी पत्नी पदराशीच चाळा करत होती. नातीला मात्र हा अनुभव नाही. आजीने विचारले, "बाळा, रागावलीस का गं माझ्यावर?" तर "शिरानाई" म्हणून तिने पाठ फिरवली. म्हणजे "मला माहीत नाही."

गॅलरी धुंडाळली. रातकिडे डब्यात थंडीने ताठ होऊन मेलेले आढळले, मिदोरी नव्हता. मग पलंगाखाली, कपाटामागे, बुटांच्या फडताळात शोध घेतला. हॉलमध्ये एक वाटी पाणीही ठेवले.

ते पाहून सूनबाई म्हणाल्या, "बाबा, तो वाटीतलं पाणी पीत नाही. पानावरचे थेंब चाटतो. म्हणून तर आम्ही रोज फवारतो."

मी तिथेच थांबलो. आमच्याकडे घरातून पळालेला माणूस बहुधा ओळखीच्या ठिकाणीच सापडे. जिथे पूर्वी जेवण मिळाले, तिथे. मी पत्नीकडे वळलो.

"पूजेनंतर कलशातले पाणी कुठे टाकतेस?"

"इथे अंगण कुठलं? जास्वंदीवर शिंपडते."

थंडीमुळे जास्वंदीची कुंडी घरात, देवघराशेजारी आणून ठेवली होती. वरच्या भिंतीवर हीटर. ऊब, थेंब आणि सकाळी खाल्लेल्या फुलाचे झाड, तिन्ही गोष्टी तिथे होत्या. आम्ही जमिनीवर शोधत होतो आणि बेपत्ता इसम वरच्या फांदीवर, पडद्याआड, शेपटीचे वेटोळे करून बसला होता. एक डोळा माझ्याकडे, दुसरा गणपतीकडे.

"मिदोरी!" नात ओरडली आणि रडू लागली.  मी कपाळावरचा घाम पुसला. हीटर जोरात चालू होता, हेही कारण नमूद करतो.

मिदोरी फांदीवरून उतरेना. ओढायचे नाही, अशी सूनबाईंची ताकीद. तेव्हा नातीने फवाऱ्याची बाटली आणली, आजीच्या हातात दिली आणि म्हणाली, "आजी, हळू मार हं. तोंडावर नाही." पत्नीने पानांवर पाणी उडवले. मिदोरीने जीभ काढली.

संशयिताचा इतिहास पाहून मत बनवणे किती घातक, हे मी नव्या शिपायांना वर्षानुवर्षे शिकवले. स्वतःच्या घरात मात्र जवळजवळ विसरलो होतो.

आता कडी लावण्याचे काम माझ्याकडे आहे. एक मुद्दा तेवढा प्रलंबित राहतो. पुढच्या संकष्टीला मिदोरीने उपवास करावा की रातकिडे खावेत, यावर पत्नी व नात यांचे एकमत होत नाही आणि दोघी मिळून मलाच निकाल मागतात. तरी जाणकार वाचकांनी याबाबत योग्य तो खुलासा चतुर्थीपूर्वी करावा, ही नम्र विनंती.