वरच्या तळ्याचं पाणी

त्या दिवशी मी घरातून निघायला नको होतं, असं मला आजही वाटतं. हे आधीच लिहून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना आपली आजी फार मोठी भक्त होती असा तुमचा गैरसमज व्हायला नको. मुलांनो, तुमचे आजोबा कसे गेले हे तुम्ही मला कधी सरळ विचारलं नाहीत. तुमच्या बाबांनी ‘मलेरियानं’ एवढंच सांगितलं असेल. ते खरं आहे. पण बाबा तेव्हा नागपूरला वसतिगृहात होते आणि तार मिळून ते पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. त्या दिवशी मी कुठे होते हे त्यांनाही नीट ठाऊक नाही. ते लिहायला मला इतकी वर्षं लागली.

गडचिरोली जिल्हा तेव्हा नुकताच वेगळा झाला होता. तुमचे आजोबा वनखात्यात रेंजर होते आणि आमचं क्वार्टर डोंगराच्या अगदी पायथ्याशी होतं. दिवाळीनंतर त्यांना ताप आला आणि चौथ्या दिवशी तो डोक्यात गेला. दवाखान्याचे डॉक्टर दिवसातून दोनदा घरी येत, सलाईन लावत, क्विनाइन देत. चंद्रपूरला हलवायचं का, असं मी विचारलं, तेव्हा ते म्हणाले की त्या रस्त्यानं जीपमध्ये नेणं हाच मोठा धोका आहे; उद्याचा दिवस निघाला तर बघू. मी कॉन्व्हेंटात शिकलेली. मला वाट बघता येत नाही, काहीतरी करावं लागतं. मी आलेखाच्या कागदावर दर तासाचा ताप मांडत बसले होते. घरकामाला येणारी तुळसाबाई, आमच्या वनरक्षकाची बायको, माझ्याकडे बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, “बाई, लिहून लिहून ताप उतरवता काय?”

नवसाचं तिनंच सांगितलं. डोंगरमाथ्यावर दोन तळी आहेत, एक खालचं, एक वरचं, आणि दोन्हींच्या वाटेवर एकेक खिंड. ज्याचा नवस असेल त्यानं निर्जळी उपास करून एकट्यानं वरच्या तळ्यावर जायचं, तिथलं पाणी भरायचं आणि त्याच दिवशी सूर्य मावळायच्या आत गावच्या महादेवावर ओतायचं. पाण्याचं भांडं वाटेत जमिनीला टेकवायचं नाही. सोबतीनं यायचं ते पहिल्या खिंडीपर्यंत. माझा त्यावर विश्वास होता का? नव्हता. पण दुसरं काही करण्यासारखं उरलं नव्हतं आणि हे निदान पायरीपायरीनं करता येण्यासारखं होतं. घड्याळ बघून मी सगळं ठरवलं. किती वाजता निघायचं, कुठे किती वाजता पोचायचं. तुळसाबाईनं पाण्यासाठी तुंबा आणून दिला. वाळवलेल्या दुधीचा, दोरी लावून खांद्याला अडकवतात तो. काळपट, धुराचा वास येणारा तुंबा देवाच्या पाण्याला मला कसासाच वाटला. मी आपला तांब्याचा मोठा तांब्या चिंचेनं घासून लख्ख केला आणि त्याच्या तोंडाला स्वच्छ फडकं बांधलं.

“हातात धरून डोंगर चढान काय?” तुळसाबाई म्हणाली.

“जमेल मला.”

“तुमी शिकल्या हा ना, जमन,” असं म्हणून तिनं तुंबा परत खुंटीला लावला.

उजाडता उजाडता मी निघाले तेव्हा आजोबा शुद्धीवर होते. कुठे निघालीस, असं त्यांनी विचारलं. मी सांगितलं. ते देवाधर्मातले नव्हते, मला वाटलं हसतील. पण ते म्हणाले, “नको जाऊस. बस इथे.” मी ते तापातलं बोलणं समजले. तुळसाबाईच्या नवऱ्याला त्यांच्या उशाशी बसवलं, डॉक्टरांना चिठ्ठी लिहून ठेवली आणि तुळसाबाईला सोबत घेऊन गेले. ज्याच्यासाठी चालले होते त्याचं एवढंसं म्हणणं मी ऐकलं नाही.

चढ भयंकर होता. पहिल्या खिंडीत वाटसरूंनी रचलेला दगडांचा ढीग होता, त्यावर आम्ही एकेक दगड ठेवला आणि तुळसाबाई तिथेच सावलीला बसली. पुढे मी एकटी. खालचं तळं कमळाच्या पानांनी झाकलेलं, काठाला रानडुकरांनी उकरलेला चिखल. दुसऱ्या खिंडीत पायाखालचे दगड सुटत होते आणि मला चार वेळा बसावं लागलं. वरचं तळं मात्र इतकं शांत होतं की मी त्याच्याकडे बघून रडले. काठावर शेंदूर लावलेला एक दगड होता. मी तांब्या काठोकाठ भरला आणि म्हटलं, मला यांचा जीव दे. बाकी काही नको. घड्याळात साडेअकरा झाले होते. मी ठरवलेल्या वेळेच्या पुढेच होते, आणि खरं सांगते, त्याचा मला आनंद झाला.

परतताना चुकले. गुरांच्या पायवाटा सगळ्या सारख्याच दिसतात. तासदीड तासानं मी डोंगराच्या कड्यावर आले तर समोर खाली, हातानं उचलून घ्यावं इतकं जवळ, आमच्या क्वार्टरचं लाल कौलारू छप्पर. मागच्या दारातलं सीताफळाचं झाडसुद्धा दिसत होतं. पण मध्ये सरळ उतार होता, खडकांचा आणि झुडपांचा, दोन्ही हातांनी धरून उतरण्याचा. हातात तांब्या घेऊन ते शक्य नव्हतं. मागे फिरून पहिल्या खिंडीतून जायचं तर सूर्य मावळायच्या आत कसंबसं देवळात पोचता आलं असतं. मी मागे फिरायचं ठरवलं. घर समोर दिसत असताना मी त्याच्याकडे पाठ केली.

तेवढ्यात ती दिसली. म्हातारी गोंड बाई, गुडघ्यापर्यंत लुगडं, डोक्यावर आवळ्यांची टोपली. मला बघून तिला जराही नवल वाटलं नाही.

“कुठी जाऊन राह्यली, बाई? वाट तं इकडं हाये,” तिनं उताराकडे बोट केलं.

मी तिला नवस सांगितला. तांब्या धरून धरून हाताला पेटके येत होते, तरी तो छातीशी धरून मी उभी होते. तिनं सगळं ऐकून घेतलं.

“मालक कुठी हाये तुहा?”

मी खालच्या छपराकडे मान वळवली.

“तो तथी, अन् तू इथी?” ती हसली. तिच्या तोंडात दोनच दात होते. “देवाले पान्याची काऊन फिकर करतं? त्याचं तं तळं भरून हाये.”

आणि मला काही कळायच्या आत तिनं माझ्या हातातला तांब्या काढून घेतला आणि खडकावर ठेवला. टक्क असा आवाज झाला. तो आवाज मी कधी विसरणार नाही. माझ्या तोंडून किंकाळी निघाली. तिला मारावं असं मला वाटलं, हे लपवत नाही. तिनं शांतपणे फडकं सोडलं, स्वतः दोन घोट प्यायली आणि तांब्या माझ्यापुढे केला. “पी. उपाशी पोटी उतरशीन तं पडशीन.” नवस मोडलाच होता. मी प्याले. सकाळपासूनचं पहिलं पाणी. मग तांब्या तिथेच सोडून, ती पुढे आणि मी मागे, असे आम्ही तो उतार उतरलो. कुठल्या मुळीला धरायचं, कुठला दगड हलतो, ती एका शब्दानं सांगत होती आणि मी मनातल्या मनात तिला शिव्या देत होते. रस्ता लागल्यावर मी मागे न बघता पळत सुटले.

घरी पोचले तेव्हा चार वाजायचे होते. डॉक्टर ओट्यावर उभे होते. त्यांनी मला वाट करून दिली. आजोबांनी डोळे उघडले.

“भेटला का देव?” आवाज अगदी बारीक होता, पण चेष्टा तीच.

“नाही. एका म्हातारीनं नवस मोडला माझा.”

“शहाणी असेल,” ते म्हणाले, आणि हात पुढे केला. पुढचे दोन तास मी तिथून उठले नाही. ते थोडं बोलले, बरंचसं झोपले. बाबांच्या शिक्षणाचं बोलले, तुमच्या पणजीचं बोलले. मी ताप मोजला नाही. दिवेलागणीला ते गेले.

अंधार पडल्यावर तुळसाबाई आली, पाय काट्यांनी फाटलेले. ती दिवसभर खिंडीत बसून होती आणि मी तिला साफ विसरले होते. ती दारातूनच म्हणाली, “मले तथीच बसवून इसरल्या ना, बाई?” आणि मग आत बघून दारातच खाली बसली. पुढे कित्येक महिने मी सगळा दोष त्या म्हातारीला देत होते. तांब्या टेकला म्हणून ते गेले, असं मी, कॉन्व्हेंटात शिकलेली मी, मनात धरून बसले होते. एकदा तुळसाबाईला म्हटलं, तिला शोधून आण. तिनं आसपासच्या पाड्यांवर विचारलं. तशी कोणी बाई कुणाला माहीत नव्हती. “असन कोनी,” तुळसाबाई म्हणाली, “जंगल काय रिकामं राह्यते?” एवढंच. मीही जास्त खोलात गेले नाही. ती कोण होती हे मला आजही ठाऊक नाही आणि मी ते तुम्हाला पटवून देणार नाही.

मात्र हिशोब सोपा आहे आणि तो मला उशिरा कळला. मी वळसा घालून गेले असते, तर ते गेले त्या वेळी मी देवळात पाणी ओतत उभी असते. नवस पुरा झाला असता आणि ते वनरक्षकाच्या हातात गेले असते. मी त्यांचा जीव मागितला, तो मिळाला नाही. ते मला अजून कडू लागतं, त्यात गोड मानून घेण्यासारखं काही नाही. जे मिळालं ते मी मागितलंच नव्हतं, आणि ते मिळावं म्हणून माझ्या हातातून माझा हट्ट कुणीतरी ओढून घ्यावा लागला. शरण जाणं मला कधी जमलं नाही, मुलांनो. मला शरण आणलं गेलं, आणि मी किंचाळत गेले.

त्या बाईला मी पाणी दिलं नाही, नाव विचारलं नाही, साधं ‘येते’ म्हटलं नाही. त्या दोन तासांसाठी तिचे आभार मानायला मी रोज सकाळी बसते. कुठल्या दिशेला तोंड करावं ते कळत नाही, म्हणून डोळे मिटून घेते, आणि काही मागत नाही.