हजार दिवस आणि एक मनगट

श्रीपाद देवस्थळी चाकणच्या एका कंपनीत सेफ्टी ऑफिसर होते, आणि हे त्यांना विचारायची वेळ कधी कुणावर आली नाही, कारण ते स्वतःच सांगत. प्राधिकरणातल्या आपल्या इमारतीचा जिना उतरताना ते कठडा धरायचे, वर मागच्यानं धरलाय की नाही तेही वळून बघायचे. पुतणीच्या लग्नात अंतरपाट धरायच्या आधी त्यांनी भटजींच्या हातून माइक घेतला आणि कार्यालयातून बाहेर पडायचे दोन दरवाजे कुठं आहेत ते पाहुण्यांना सांगितलं. मुलाकडच्यांना वाटलं, जेवण कमी पडलंय आणि आपल्याला सुचवताहेत. त्यांच्या बायकोनं, शुभदाताईंनी, त्या दिवशी नवऱ्याशी बोलणं सोडलं ते थेट मांडवपरतणीपर्यंत.

पण त्यांचा खरा जीव होता पार्किंगमध्ये. "मशीनला माणूस भितो, पार्किंगमध्ये कोण भितं? घात तिथंच होतो," असं ते म्हणत, आणि बोलणं अगदी खरं होतं. कंपनीत गाडी उलटी लावायची, तोंड बाहेर. गाडीत बसायच्या आधी तिच्याभोवती एक फेरी मारायची. मागची काच झाकेल असं सामान भरायचं नाही. रिव्हर्स घेताना फोनला हात लावायचा नाही. आणि एवढं करूनही लागलंच कुणाला, तर जागेवर थांबायचं, आधी माणूस बघायचा मग पत्रा, हुज्जत घालायची नाही, फोटो काढायचे आणि तासाभरात अपघाताचा लाल फॉर्म भरून द्यायचा. दर सोमवारी सकाळी सहाशे माणसं उन्हात उभी राहून हे ऐकायची. नाइट शिफ्टवाले तर उभ्याउभ्या झोपायला शिकले.

गेटवर मोठा फलक होता: अपघातमुक्त दिवस. पावणेतीन वर्षांमागं तो आठशे बारावर होता. तेव्हा समाधान नावाच्या कंत्राटी ड्रायव्हरनं टेम्पो उलटा घेताना वॉचमनच्या गुडघ्याला धक्का दिला. वॉचमन चार दिवसांत चालायला लागला, समाधान मात्र दुसऱ्याच दिवशी घरी गेला. त्याची बायको गेटवर येऊन रडली. देवस्थळी म्हणाले, "ताई, नियम माणूस बघत नाही." मग स्टुलावर चढून, स्टूल दोघांना धरायला लावून, त्यांनी स्वतःच्या हातानं फलकावर शून्य लावलं.

ते शून्य आता नऊशे अठ्ठ्याण्णव झालं होतं. शुक्रवारी हजार भरणार होते. हेड ऑफिसचे मोठे साहेब विमानानं येणार, प्रत्येक कामगाराला मिक्सर मिळणार, आणि देवस्थळींना कंपनीच्या तीनही प्लांटचं सेफ्टी खातं. निवृत्तीला दोन वर्षं राहिलेल्या माणसाला याहून मोठं काय हवं असतं? देवस्थळी आठवडाभर हवेत होते.

बुधवारी दुपारी त्यांनी पिंपरीच्या बाजारातून बक्षिसाचे स्टीलचे डबे आणले. डिकी भरली, मागची सीट भरली, खोकी टपापर्यंत गेली. आरशात बघावं तर नुसता पुठ्ठा. कंपनीच्या पार्किंगमध्ये पोचले तोच मांडववाल्याचा फोन आला, शाली किती आणि नारळ किती. मान खांद्याला लावून फोन धरला आणि घेतली गाडी उलटी. सेन्सर टीं टीं करत होता. तो काय, मांजर गेलं तरी ओरडतो. फोनवर ते "पंचवीस नारळ" म्हणाले आणि मागं पातेलं पडल्याचा आवाज झाला.

खाली उतरून देवस्थळींनी आधी बंपर बघितला. हो, सांगायलाच हवं, आधी बंपरच बघितला. त्यावर एक ओरखडा नव्हता. मग त्यांना भिमाबाई दिसल्या.

भिमाबाई कँटीनमध्ये चपात्या लाटायच्या, राजगुरुनगरकडच्या, अकरा वर्षं तिथंच. धुतलेलं पातेलं घेऊन गाड्यांमागून चालल्या होत्या. आता जमिनीवर बसून उजवं मनगट डाव्या हातानं धरलं होतं आणि ते मनगट नको तिकडं वळलं होतं. "सायेब, माजंच ध्यान नव्हतं," त्या म्हणाल्या. हे ऐकून माणसाला मेल्याहून मेल्यासारखं व्हायला हवं. देवस्थळींना हायसं वाटलं.

तरी त्यांना अगदीच सोडून देऊ नये. भिमाबाईंना दवाखान्यात पाठवल्यावर त्यांनी लाल फॉर्म काढला, तारीख घातली, वेळ घातली आणि तो घेऊन एचआरच्या ऋता मॅडमकडं गेले.

ऋता मॅडमनी दार लावलं. "सर, पार्किंग कंपाउंडच्या बाहेर येतं."

"पार्किंगचे नियम माझ्या सहीचे आहेत."

"सहाशे घरांतून मिक्सरची वाट बघताहेत. तुम्ही सांगणार त्यांना?"

देवस्थळींनी फॉर्म टेबलावर सरळ केला.

"बरं, भरा," मॅडम शांतपणे म्हणाल्या. "फक्त ड्रायव्हरच्या नावाचा रकाना रिकामा सोडू नका."

देवस्थळींनी पेनचं टोपण काढलं. रकान्याकडं बघितलं. टोपण परत लावलं.

संध्याकाळी ते दुसराच कागद घेऊन दवाखान्यात गेले. प्लास्टर ओलं होतं. त्यांनी वाचून दाखवलं: घरी न्हाणीत पाय घसरून पडल्याने उजव्या मनगटास दुखापत.

भिमाबाईंनी जरा वेळ विचार केला. "सायेब, आमच्या घरात न्हाणी न्हाई. मागल्या वट्ट्याव आंघूळ करतो आमी."

"मग ओटा लिहितो," देवस्थळी म्हणाले. न्हाणी खोडून त्यांनी तिथं ओटा लिहिलं आणि बाजूला छोटी सही केली. कागदावरची माहिती अचूक हवी, असा त्यांचा पहिल्यापासून आग्रह.

"दीड महिना हात बांदल्याला ऱ्हानार म्हनत्यात डाक्टर. पगाराचं कसं?"

"बघू," ते म्हणाले. बघायचं काय होतं त्यात? कामावर लागलं तर रजेचा पगार मिळतो, घरी लागलं तर नाही. ही गोष्ट सोमवारच्या उन्हात त्यांनीच सगळ्यांना शिकवली होती. भिमाबाईंनी डाव्या हाताचा अंगठा दिला.

शुक्रवारी फलकावर हजार लागले, झेंडूच्या माळा चढल्या. झालेला प्रकार बुधवारच्या सेकंड शिफ्टपर्यंत सगळ्या कंपनीला कळला होता, पण मिक्सरची खोकी मांडवात रचलेली दिसत होती आणि सहाशे माणसांनी मूग गिळले होते. भिमाबाईंचं तोंड गोड करावं म्हणून ऋता मॅडमनी त्यांचं नाव आदर्श कामगाराच्या बक्षिसात घातलं होतं. नाव पुकारायला माइकवर देवस्थळीच.

मोठ्या साहेबांनी डबा पुढं केला. फोटोवाला म्हणाला, "मावशी, उजव्या हातानं घ्या." भिमाबाईंनी पदराखालून प्लास्टर बाहेर काढलं.

साहेब भला माणूस. "अरे, हे कशानं झालं?" त्यांनी सगळ्यांदेखत विचारलं.

मांडवात सहाशे माना वर झाल्या. भिमाबाईंनी देवस्थळींकडं बघितलं. "ते सायबांनी लिवलंय," त्या म्हणाल्या. "त्येच सांगतील."

आता एका वाक्याचं काम होतं. गाडी माझी होती, एवढंच. देवस्थळींनी फलकाकडं बघितलं, माइक तोंडाजवळ नेला, आणि बोलले, "घरी ओट्यावरून पडल्या. म्हणून मी नेहमी सांगतो, सुरक्षितता घरापासून सुरू होते."

साहेबांना वाक्य फार आवडलं. त्यांनी टाळी वाजवली, मग सगळ्यांनीच वाजवली.

सोमवारी फलकावर एक हजार तीन होते. कँटीनमध्ये चपात्यांना दुसरी बाई आली होती. देवस्थळी चहा सोडून मुद्दाम तिच्यापाशी गेले आणि पार्किंगमध्ये गाड्यांच्या मागून चालताना बायकांनी कसं ध्यान ठेवावं, ते तिला नीट समजावून सांगितलं.