‘काटो’ कोण म्हणालं?

मी शाळेत विज्ञान शिकवते. वर्गात कुणी भुताखेताची गोष्ट काढली, की “पुरावा काय?” असं विचारून त्याला खाली बसवणारी मी... आणि आज तुम्हाला हे सांगायला बसलेय. हसा खुशाल. घरच्यांचं हसून झालंय.

मी मेघा, मुलुंड पूर्वेला राहते. गेल्या वर्षी माझ्या कमरेची पार वाट लागली. कमरेतून निघालेली कळ थेट डाव्या पायाच्या अंगठ्यापर्यंत जायची — शॉक बसावा तशी. आधी वर्गात उभं राहणं बंद झालं, मग खुर्चीत बसणंही. मी हॉलमध्ये सतरंजीवर पालथी पडून पेपर तपासायचे, आणि माझा नवरा सुहास ऑफिसातून आला की दारातूनच विचारायचा, “काय सुसरबाई, पाठ मऊ का आज?”

एमआरआयमध्ये दिसलं, की कमरेच्या दोन मणक्यांमधली गादी सरकून नसेवर बसलीय. गोळ्या, फिजिओ, इंजेक्शन — सगळं करून झालं होतं. पहिले सर्जन म्हणाले, फ्यूजन करू. म्हणजे ते दोन मणके स्क्रू आणि सळ्या घालून कायमचे जोडून टाकायचे. मी रडायलाच लागले.

सुहास म्हणाला, “थांब ना यार. दुसऱ्या कुणाला तरी दाखवू. कंबर आहे ती, खिडकीचं ग्रिल नाही.”

म्हणून घाटकोपरच्या एका डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी मला पुढे-मागे वाकवून एक्स-रे काढले, बराच वेळ बघत बसले. मग म्हणाले, “तुमचे मणके जागचे हलत नाहीयेत. हलत असते तर मीही फ्यूजनच सांगितलं असतं. तुमचं दुर्बिणीने होईल. छोटासा छेद, त्यातून आत जायचं आणि नसेवर दाबणारा गादीचा तुकडा तेवढा काढायचा. पूर्ण भूल द्यायची नाही. तुम्ही माझ्याशी बोलत राहायचं — नसेला धक्का लागला, तर तुमच्याकडूनच कळेल मला.”

“आणि एवढं करून दुखणं गेलंच नाही तर?”

“मग फ्यूजनचा विचार करावा लागेल,” ते म्हणाले. सरळ माणूस.

ऑपरेशन सकाळचं होतं. मी टेबलवर पालथी. कंबर बधिर केलेली, थोडं गुंगीचं औषध, पण जागी. मला दिसत काय होतं? फक्त फरशी आणि भूल देणाऱ्या मॅडमचे जांभळे क्रॉक्स. या मॅडम मूळच्या केरळच्या. माझ्या डोक्यापाशी बसून हिंदीत गप्पा मारत होत्या. डॉक्टर मधूनमधून विचारायचे, “पायात कळ येतेय?” मी सांगायचे, “हो... आता कमी... आता नाही.” मधेच त्यांनी अंगठा हलवायला सांगितला. हलला! पाय हलका वाटत होता.

“झकास,” डॉक्टर म्हणाले. “मोठा तुकडा निघाला. आता बाहेर येतो.”

आणि तेवढ्यात माझ्या उजव्या कानाशी, अगदी स्पष्ट —

“थांब गो. अजून एक काटो ऱ्हवलो हा.”

माझ्या सासूबाई. त्यांना जाऊन तेव्हा तीन-चार वर्षं झाली होती.

हे वाक्य मी हजारदा ऐकलेलं आहे. माझं माहेर शाकाहारी, सासर मालवणचं. लग्न होऊन आले तेव्हा मला मासा खायचा कसा तेच कळायचं नाही. सासूबाई शेजारी बसून माझ्या ताटातल्या पेडव्यांचे काटे काढून द्यायच्या. मी घास उचलला, की माझं मनगट धरायच्या — थांब गो, अजून एक काटो ऱ्हवलो हा — आणि खरंच केसासारखा एक काटा काढून दाखवायच्या. एरवी आमचं दिवसभर वाजायचं... पण जेवताना नाही.

मला भीती वाटली नाही. उलट, घरी असल्यासारखं वाटलं. मी म्हटलं, “डॉक्टर, अजून एक तुकडा राहिलाय.”

ते हसले. “तुम्हाला स्क्रीन दिसतेय की काय?”

“नाही. पण एकदा बघा ना. प्लीज.”

दुर्बीण पुन्हा आत गेली. कळ आली, मी ओरडले, मग गेली. आत काहीतरी ओढल्यासारखं वाटलं. मग डॉक्टर हळूच म्हणाले, “अरेच्चा.”

नसेच्या मागे दुसरा, सुटा झालेला तुकडा होता. एमआरआयमध्ये तो वेगळा दिसलाच नव्हता. तसाच राहिला असता, तर दुखणं परत आलं असतं आणि पुढची पायरी कुठली ते ठरलेलंच होतं.

दुपारी मी सुहासच्या हाताला धरून पॅसेजमध्ये चालले. कळ नाही! मी वेड्यासारखी हसत होते. आवाजाबद्दल मात्र गप्प बसले. गुंगीत माणूस काहीही ऐकतो, हे मीच मला समजावलं होतं.

चहाच्या वेळी त्या मॅडम बघायला आल्या. नाडी पाहिली, आणि जरा घुटमळून म्हणाल्या, “मेघाजी, एक बात पूछूँ? वहाँ अंदर ‘काटो’ किसने बोला था? मैं तो डर गई, कौन किसको काटने को बोल रहा है!”

मी हातातला कप खाली ठेवला. “मी म्हटलं असेन,” मी म्हणाले.

“नहीं, नहीं. आपने तो ‘तुकडा’ बोला, बाद में. ये कोई बूढ़ी औरत थी. मैंने सिस्टर को भी पूछा. उसने कुछ नहीं सुना.”

आता सांगा. गुंगीचं औषध मला दिलं होतं, मॅडमना नाही. आणि तुकडा मला कुठून ठाऊक? डॉक्टरांना नंतर सगळं सांगितलं, तर ते म्हणाले, योगायोग, आणि मग लगेच, “त्यांना माझा नमस्कार सांगा.”

मॅडम गेल्यावर मी सुहासला सगळं सांगितलं. तो खिडकीकडे तोंड करून उभा राहिला. मला वाटलं, आईच्या आठवणीने रडत असेल. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

तो वळला. डोळे ओले होतेच, पण चेहरा पार रुसलेला.

“माझ्या अपेंडिक्सला नाही आली ती,” तो म्हणाला.