देवाच्या पाठीवरचा घाव

ती घटना आठवली की आजही मान खाली जाते, म्हणून माझी चूक आधी सांगतो. एका निर्दोष गुरवाला मी दोन दिवस पोलीस ठाण्यात बसवून ठेवलं होतं.

केज तालुक्यातल्या एका गावातून भैरोबाची मूर्ती चोरीला गेली होती. महिन्याभराने खबऱ्याचा फोन आला. धारूरच्या घाटात आम्ही जीप अडवली, पोत्यात मूर्ती निघाली. "आमच्या घरचा देव हाय," जीपवाला म्हणाला. शेंदूर पूर्ण खरवडलेला होता. ओळख पटवायला पंचांसमोर गुरवाला बोलावलं. मूर्ती भिंतीला टेकवून ठेवली होती.

म्हाताऱ्याने वाकून मूर्तीचा चेहरा न्याहाळला. "साहेब, शेंदराखालचं तोंड माझ्या आज्यानंबी पाह्यलं न्हाई. जरा हात लावू का?"

"मुद्देमालाला हात लावायचा नाही," मी दरडावलं. "रोज पूजा करतोस अन् देव ओळखत नाहीस? कुणाला विकलास बे?"

तो गप्प झाला. गप्प बसणारा काहीतरी लपवतो, हा माझा तेव्हाचा ठोकताळा. गावात बोभाटा झाला आणि देवळाची किल्ली त्याच्याकडून काढून घेतली गेली.

तिसऱ्या दिवशी केजच्या कॉलेजात इतिहास शिकवणाऱ्या एक बाई लॅपटॉप घेऊन आल्या. चोरीच्या आधी त्यांनी या मूर्तीचे शेकडो फोटो काढले होते. देवळाची भिंत आणि मूर्ती यांमधल्या वीतभर फटीतही हात घालून. ते सगळे संगणकात जोडून अशी मूर्ती उभी केली होती की पडद्यावर हवी तशी फिरवावी. एवढी चिकाटी मी आमच्या खात्यातही क्वचितच पाहिली. पण समोरून नुसता शेंदूरच दिसत होता.

"मॅडम, याचा काय उपयोग?" मी म्हणालो.

कोपऱ्यातून गुरव बोलला, "ताई, द्येवाची पाठ दावा. तिथं शेंदूर नसतो."

बाईंनी मूर्ती फिरवली. डाव्या खांद्याखाली छिन्नी घसरल्याचा तिरपा घाव होता.

"हितंच बोट टेकवून मी द्येव पुसतो," म्हातारा म्हणाला.

मी जप्त केलेली मूर्ती स्वतः वळवली. घाव तिथेच होता. मोजमापंही जुळली. मग जीपवाल्याने कबुली दिली.

कोर्टाच्या आदेशाने देव गावात गेला, किल्ली गुरवाकडे आली. उत्तर पहिल्याच दिवशी त्या म्हाताऱ्याच्या बोटांत होतं, मीच ते अडवलं, हे मला कळत होतं. तरी वर्दीत असेपर्यंत माफी मागायला जीभ रेटली नाही.

निवृत्तीनंतर त्या देवळात गेलो. पारावर माणसं बसली होती, त्यांच्यासमोरच म्हणालो, "बाबा, तुम्ही नुसता हात लावू द्या म्हणाला होतात. मी तुम्हाला चोर ठरवलं. माझं चुकलं. मला माफ करा."