मी तो ब्लाउज आत घेणार नाही

बायांनो, शिवण बाजूला ठेवून लिहितेय. शाळा कमी झालेय माझी, चुका काढत बसू नका.

ठाकुर्लीत मी ब्लाउज शिवते. आज दुपारी एक आई कॉलेजातल्या मुलीला घेऊन आली. भावाच्या हळदीत घालायचा ब्लाउज, महिन्यात तिसऱ्यांदा आत घ्यायला. एवढ्या उकाड्यात पोरीने स्वेटर घातलेला. मापाला काढला, तर बोटं बर्फासारखी गार.

"काकू, अजून आत घ्या ना. जाडी दिसते मी."

"अगं, टेप हाडाला लागतेय!" मी ओरडले.

आई कौतुकाने म्हणते, "सोमवार, गुरुवार, चतुर्थी, सगळं करते. साबुदाण्यालाही शिवत नाही."

तेवढ्यात पोरगी चक्कर येऊन खाली बसली.

माझी भाची नर्स आहे. तिला फोन लावला. म्हणाली, "मावशी, हा मनाचा आजार असेल, एनोरेक्सिया. आरशात तिला ती जाडीच दिसते. ओरडून नाही खाणार ती. हृदय बंद पडू शकतं, आजच डॉक्टरकडे न्यायला सांग."

मी सांगितलं, तर आई भडकली. "देवाच्या उपवासाला वेड म्हणता? हळद होऊ दे, मग बघू." पोरीला घेऊन गेली.

ब्लाउज समोर पडलाय. आत जेवढं कापड दुमडलंय, तेवढी पोरगी महिन्यात संपली. आणि पहिल्या वेळी मीच म्हणालेले, "बारीक झालीस, छान दिसतेस." केवढी हसलेली तेव्हा.

आता तिच्या घरी निघालेय. आईला काय सांगितलं की ती ऐकेल? कोणावर अशी वेळ आली असेल तर लवकर लिहा.